पडदा काचेचा नाही, हे आधी घरात सांगा

घरातील साफसफाई हा कुटुंबाच्या पानावरचा नेहमीचा विषय. खिडक्यांच्या काचा, पंख्याची पाती, पितळेची भांडी यांबद्दल आजवर पुष्कळ लिहून झाले. टीव्हीच्या पडद्याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. टीव्ही पुसण्यात शिकण्यासारखे काय आहे, असेच आपण धरून चालतो. पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीपुरते ते बरेचसे खरेही होते. त्याची पुढची बाजू चांगली जाड काचेची असे. ओल्या फडक्याने पुसा, वर्तमानपत्राच्या बोळ्याने घासा, बाटलीतले निळे औषध फवारा, तिला सहसा काही होत नसे. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९८२ साली चित्र रंगीत झाले. पुढची वीस-पंचवीस वर्षे आपल्या माता-भगिनींचा हात त्या काचेवर तयार झाला.

मग मोठ्या पडद्याचे, कपाटाएवढे टीव्ही आले. पाठीमागून चित्र टाकणारे म्हणून त्यांना रिअर प्रोजेक्शन टीव्ही म्हणत. पुसणारा हात तोच राहिला, सवयही तीच राहिली, पण समोरचा पडदा आता प्लास्टिकचा होता. दिसायला काचेसारखा, स्वभावाने मात्र अगदी नाजूक. हे पुसणाऱ्या बाईला कोणी सांगितले नाही.

आज हे टीव्ही कोणी बनवत नाही. सोनीसारख्या कंपन्या आधीच बाहेर पडल्या होत्या. शेवटपर्यंत टिकलेल्या मित्सुबिशीनेही डिसेंबर २०१२ मध्ये हे काम थांबवल्याचे जाहीर केले. मग आता हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वस्तीत आहे. एखाद्या समाजबांधवाने घरी भिंतीवरचा पातळ टीव्ही आणला की जुना मोठा संच समाजमंदिराला, वसतिगृहाला किंवा मंडळाच्या खोलीला दिला जातो. कुठे तो वर्गणी काढून सेकंडहँड घेतलेला असतो. सेट-टॉप बॉक्स जोडला की चालतो, आणि समोर चाळीस-पन्नास माणसे सतरंजीवर बसून पाहू शकतात. मी कचेरीत हिशेबाचे काम करणारा माणूस. आमच्या वहीत घसारा लावता लावता अशा वस्तूची किंमत शून्यावर येते. वस्तीत मात्र तिचा उपयोग शून्य झालेला नसतो. शिवाय त्याचा पडदा खराब झाला तर नवा मिळत नाही. मिळाला तर दुसऱ्या मोडलेल्या संचातून काढलेला, तोही नशिबाने.

दोष कोणाचा?

एका वस्तीतील बैठकीला मी हजर होतो. जयंतीच्या आदल्या दिवशी महिला मंडळाने सभागृह झाडून-पुसून लख्ख केले. त्यातल्या एका भगिनीने मोठ्या टीव्हीच्या पडद्यावर काच पुसायचे औषध फवारले आणि वर्तमानपत्राने जोर लावून घासले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्ही लावला तर पडद्याच्या मधोमध परातीएवढा चकचकीत डाग, आणि त्यातून चित्र धुरकट. बैठकीत अर्धा तास एकच प्रश्न चालला होता, "कुणी घासला?" त्या बाई कोपऱ्यात मान खाली घालून उभ्या होत्या.

टीव्हीसोबत आलेली माहितीपुस्तिका कुठे आहे, असे मी विचारले. ती कार्यालयाच्या कपाटात होती, कुलपात, आणि इंग्रजीत. त्या पुस्तिकेत पडदा कसा पुसावा याचे अर्धे पान होते. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांनी ती कधी वाचली नव्हती, आणि ज्या हाताने पडदा पुसला त्या हातापर्यंत ती कधी पोहोचली नाही. पुसायचे काम बाईचे, पुस्तिका पुरुषाच्या कपाटात, आणि नुकसान झाले की बोल पुन्हा बाईला! घराघरांतून मिक्सर, इस्त्री, कुकर यांच्याही बाबतीत हेच चालते. म्हणून त्या अर्ध्या पानात जे होते ते, आणि त्यामागचे कारणही, इथे मराठीत मांडतो. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

आत काय असते?

या टीव्हीच्या खोक्यात खालच्या बाजूला तीन लहान पिक्चर ट्यूब असतात. बहुतेक संचांत त्या सात इंची असतात. एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येकीपुढे एक भिंग. तिन्हींचा प्रकाश पाठीमागच्या तिरक्या आरशावर पडतो, तिथून परतून पडद्याच्या मागच्या बाजूवर येतो आणि तीन रंग एकमेकांवर बसून चित्र तयार होते. नंतरच्या काही संचांत तीन ट्यूबांऐवजी एकच प्रखर दिवा आणि सूक्ष्म आरशांची चकती असे. पडद्याची गोष्ट मात्र दोन्हींत सारखीच.

पडदा म्हणजे निदान दोन प्लास्टिकचे पत्रे. मागच्या पत्र्यावर वर्तुळाकार बारीक चरा कोरलेल्या असतात. हे एक चपटे भिंगच आहे. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपस्तंभासाठी या जातीचे भिंग बनवले आणि १८२३ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआन दीपस्तंभात ते बसवले गेले. पसरणारा प्रकाश गोळा करून सरळ समोर पाठवणे हे त्याचे काम. पुढच्या पत्र्यावर वरपासून खालपर्यंत उभ्या, केसासारख्या बारीक कडा असतात. खोलीत डाव्या-उजव्या टोकाला बसलेल्यांनाही चित्र उजळ दिसावे म्हणून त्या प्रकाश आडवा पसरवतात. काही संचांत या सगळ्यापुढे आणखी एक गुळगुळीत पारदर्शक पत्रा बसवलेला असतो. टीव्ही बंद असताना त्यात आपला चेहरा स्वच्छ दिसतो. चेहरा दिसत नसेल आणि पडदा खरखरीत, मंद काळा वाटत असेल, तर आपण थेट त्या उभ्या कडांसमोर आहोत असे समजावे. नखाने तपासून पाहू नये. बॅटरीचा उजेड बाजूने तिरका टाकला की कडा दिसतात.

आता खरी अडचण पाहा. पदार्थाचा कठीणपणा मोजण्याच्या मापात काच साडेपाचच्या आसपास येते. पडद्याचे ॲक्रिलिक तीनच्या आसपास. आणि आपल्या घरातल्या धुळीत वाळूचे जे बारीक कण असतात ते सातच्या घरात. म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ जोरात पुसणे हे पडद्यावर पॉलिशपेपर फिरवण्यासारखे आहे. काच हे सोसते, प्लास्टिक सोसत नाही. पडदा चकाकू नये म्हणून वरचा थर मुद्दाम खरबरीत ठेवलेला असतो. एका जागी घासले की तो तेवढाच गुळगुळीत होतो. वर सांगितलेला परातीएवढा डाग हाच. तो पुसून जात नाही, कारण तो मळ नाही.

दुसरा मार औषधांचा. काच पुसण्याच्या पुष्कळ औषधांत अमोनिया किंवा स्पिरिट असते. त्याने वरचा लेप उतरतो आणि ॲक्रिलिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. कधी लगेच, कधी काही दिवसांनी. थिनर, रॉकेल, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचे द्रव्य यांची तर बाटलीही जवळ आणू नये. दात घासायच्या पेस्टने ओरखडे जातात असे सांगणारे शहाणे प्रत्येक गल्लीत आहेत. पेस्ट म्हणजे घासणारी भुकटीच. तिने ओरखडा जात नाही, त्याच्याभोवती नवे हजार ओरखडे तयार होतात.

पुसायचा कसा?

आधी टीव्ही बंद करून प्लग काढावा आणि अर्धा तास थांबावे. गरम पडद्यावर पाणी पटकन वाळते आणि पट्टे उठतात. शिवाय बंद, काळ्या पडद्यावर मळ नीट दिसतो.

हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. हे कोणत्याही पुस्तिकेत ठळक लिहिलेले नसते, पण आपल्याकडे पडद्यावरचे लांब ओरखडे बहुधा बांगडीचेच असतात.

फडके कोणते? मायक्रोफायबरचे मिळाले तर उत्तम, पण त्यासाठी बाजारात धावायची गरज नाही. पुष्कळ वेळा धुऊन मऊ झालेले, बिनकाठाचे सुती कापड चालते. जुन्या लुगड्याचा मधला भाग यासाठी फार चांगला. काठ घेऊ नये, जरीचा तर मुळीच नको. बनियनचे कापड चालते, पण शिवण आणि बटण असलेला सदरा नको. टर्किश टॉवेल, कागदी रुमाल, वर्तमानपत्र, भांड्यांचा स्क्रबर, पिसांचा झाडू हे सारे बाजूला ठेवावे. आणि ज्या फडक्याने टेबल पुसले ते पडद्याला लावू नये. त्यात वाळूचा एक कण असला तरी पुरे.

पाणी हा आपल्याकडे वेगळाच प्रश्न आहे. बोअरचे पाणी क्षाराचे असते. ते वाळले की पांढरे ठिपके राहतात आणि मग ते काढायला माणूस घासू लागतो. डिस्टिल्ड पाणी घ्यावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरायला म्हणून ते कॅनमध्ये मिळते. घेताना कॅनवरचे नाव नीट वाचावे, कारण बॅटरीचे ॲसिडही त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये ठेवलेले असू शकते. डिस्टिल्ड पाणी नसेल तर पिण्याच्या फिल्टरचे, कमी क्षाराचे पाणी चालेल.

तांब्याभर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. जास्त नको. फेस झाला तर जास्त झाला असे समजावे. कपडे धुण्याची पावडर घेऊ नये, ती पूर्ण विरघळत नाही. आधी कोरडी धूळ जेवढी निघेल तेवढी अगदी मऊ, स्वच्छ कुंचल्याने, न दाबता, वरून खाली उतरवावी. मग फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, इतके की पुन्हा पिळले तर थेंब पडू नये. पाणी पडद्यावर कधीही शिंपडायचे किंवा फवारायचे नाही. खाली ओघळलेला थेंब कडेच्या फटीतून आत जातो, दोन पत्र्यांच्या मधे पसरतो आणि तिथे ढगासारखा डाग होऊन बसतो. तो बाहेरून पुसता येत नाही.

हात वरून खाली चालवावा, उभ्या कडांच्या दिशेने. गोल गोल फिरवू नये, आडवा ओढू नये. आडव्या हाताने फडक्यातला कण प्रत्येक कडेला ठेचत जातो आणि मळही कडांच्या मधल्या चरांत भरतो. दाब अगदी हलका, तान्ह्या मुलाचे तोंड पुसताना असतो तेवढाच. एक पट्टा झाला की फडक्याची घडी उलटून दुसरी स्वच्छ बाजू घ्यावी. सगळा पडदा झाला की साबण न घातलेल्या पाण्यात पिळलेले दुसरे फडके फिरवावे, नाहीतर साबणाचा थर राहतो. शेवटी कोरड्या मऊ फडक्याने टिपून घ्यावे. वाळल्यावर उगाच घासत राहू नये. कोरड्या घर्षणाने प्लास्टिकमध्ये वीज साठते आणि तीच हवेतली धूळ ओढून घेते. "आत्ता पुसला, तासाभरात पुन्हा धूळ" ही तक्रार त्यामुळेच येते.

लहान मुलांच्या बोटांचे तेलकट ठसे एका फेरीत गेले नाहीत तर ओले फडके त्या जागी मिनिटभर नुसते टेकवून ठेवावे आणि मग टिपावे. मळ भिजू द्यावा, जोर करू नये. एवढ्यानेही गेले नाहीत तर तसेच राहू द्यावेत. टीव्ही लागल्यावर बोटांचे दोन ठसे कोणाला दिसत नाहीत, घासलेला डाग मात्र मागच्या रांगेलाही दिसतो.

महिन्यातून एकदा एवढे पुरे आहे. रोज पुसण्याची हौस या पडद्याला परवडत नाही.

तसबिरी, मेणबत्त्या आणि अगरबत्ती

आपल्या घरांत आणि सभागृहांत एक गोष्ट सर्रास दिसते. मोठ्या टीव्हीचे खोके म्हणजे आयते टेबल. त्यावर तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, फुलदाणी. १४ एप्रिल आली, ६ डिसेंबर आला की तसबिरीची काच जागच्या जागीच फवारून पुसली जाते, आणि तेच औषध ओघळून खाली पडद्यावर येते. फुलदाणीचे पाणी सांडले तर ते मागच्या हवेच्या झरोक्यांतून थेट आत जाते. तसबीर आदराने खाली उतरवून दुसरीकडे पुसावी आणि तिच्यासाठी भिंतीवर स्वतंत्र फळी करावी. ते तसबिरीच्या मानालाही शोभते.

वंदनेच्या वेळी पेटवलेल्या मेणबत्त्या आणि अगरबत्त्या टीव्हीजवळ असतील तर त्यांची काजळी पडद्यावर चिकट थर करते. त्या थरावर धूळ बसली की नुसत्या पाण्याने ती निघत नाही आणि मग माणूस औषधाकडे वळतो. वंदनेची जागा आणि टीव्हीची जागा यांत चार पावलांचे अंतर ठेवावे. वंदना चालू असताना पडद्यावर चादर टाकली तरी चालेल. टीव्ही मात्र तेव्हा बंद हवा, नाहीतर झरोके झाकले जातात आणि संच तापतो.

पुसूनही चित्र मंद असेल तर

पडदा स्वच्छ आहे, तरी चित्र धुरकट. मग मळ आत आहे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे दिसत असताना अक्षरांभोवती धुक्यासारखे वलय दिसले तर भिंगांवर धूळ बसली आहे किंवा ट्यूब आणि भिंग यांच्यामधला गारव्यासाठी भरलेला द्रव गढूळ झाला आहे. अक्षरांच्या कडेला लाल-निळी किनार दिसली तर तिन्ही रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. तो मळ नव्हे. ते पुसून सुटत नाही, जुळवून सुटते. बहुतेक संचांत त्याची सोय असते.

खोके मात्र घरी उघडू नये. ट्यूबच्या संचात सुमारे ३०,००० व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो. जिवाला धोका आहे. शिवाय आतला आरसा आपल्या घरच्या आरशासारखा नसतो. घरच्या आरशाचा पारा काचेच्या मागे असतो, इथे चकचकीत थर काचेच्या पुढच्या बाजूवरच असतो. फडके लावले की तोच निघून येतो. काही संचांत तर काचही नसते, नुसती ताणलेली चकचकीत फिल्म असते. हे काम जाणत्या मेकॅनिकचे. त्यालाही आधी विचारावे, "आरसा कसा साफ करणार?" ओल्या फडक्याने म्हणाला तर दुसरा मेकॅनिक शोधावा. तो गारव्याचा द्रव गळताना दिसला तर मुलांना दूर ठेवावे. त्यात ग्लायकोल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेले तर विषारी असते.

ज्यांच्या घरी भिंतीवरचा पातळ टीव्ही आहे त्यांनी हे सगळे जुन्या संचांपुरते समजू नये. त्याही पडद्यावर बहुधा प्लास्टिकची फिल्मच असते, फक्त उभ्या कडा नसतात. फवारा नको, स्पिरिट नको, दाब नको, हे तिथेही तसेच लागू. दाबाने तर तिथे आतला पडदाच फुटतो.

संच निकामी झालाच तर भंगारवाल्याला सुटा करून देऊ नये. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि दिव्याच्या संचातल्या दिव्यात पारा. हातोड्याने फोडून त्यातले तांबे काढणारी माणसे आपल्याच वस्त्यांतली असतात, आणि बहुतेकांच्या तोंडावर रुमालही नसतो. टीव्ही ई-कचऱ्यात मोडतो. त्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या केंद्राकडेच तो सोपवावा आणि पावती घ्यावी. पडद्यातला तो वर्तुळाकार चरांचा पत्रा कोणी काढून ठेवला असेल तर तो उन्हात, गॅलरीत किंवा गच्चीवर टेकवून ठेवू नये. एवढ्या मोठ्या भिंगाने गोळा केलेल्या उन्हाने लाकूड पेट घेते. जाड काळ्या कापडात गुंडाळून, घरात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी तो ठेवावा.